वादळानें मोडलेलें दारचें झाड : तोडावें कीं राखावें ?

खानदेशांत वैशाख संपत आला म्हणजे आभाळाकडे पाहणाऱ्यांचे दोन वर्ग होतात. शेतकरी पावसाच्या आशेनें पाहतो; आणि ज्याच्या दारीं जुना निंब, पिंपळ किंवा चिंच उभी आहे, असा गृहस्थ वाऱ्याच्या धास्तीनें पाहतो. शिंदखेडा तालुक्यांतील नरडाणा हें गांव सुरत–भुसावळ लोहमार्गावर व मुंबई–आग्रा रस्त्यावर वसलेलें आहे. भोंवतीं काळ्या जमिनीचा सपाट, उघडा मुलूख. वाऱ्यास अडविणारें असें फारसें कांहीं नाहीं. दिवसभर पारा चाळिसाच्या वर रेंगाळावा, तिसऱ्या प्रहरीं आभाळ काळवंडावें, धुळीचा लोट उठावा, आणि बघतां बघतां पत्रे, कौलें व फांद्या अंगणांत येऊन पडाव्या, हा वळवाच्या दिवसांतला ठरलेला क्रम आहे. पाऊस लवकरच ओसरतो. मागें राहतें तें मोडलेलें झाड, आणि त्याच्याभोंवतीं जमलेलें सारें घर.

अशा वेळीं घरांत सहसा दोन मतें पडतात. आजीबाई म्हणतात, "मामंजींनीं लावलेलें झाड आहे, त्याला हात लावूं नका." चिरंजीव म्हणतात, "उद्यां मुलांच्या अंगावर पडलें म्हणजे?" दोघांच्याही बोलण्याच्या मुळाशीं माया आहे; परंतु झाडाची स्थिति काय आहे, हें दोघांपैकीं कोणीच पाहिलेलें नसतें. मग ज्याचा आवाज मोठा त्याचें चालतें. शंभर वर्षांची छाया एका दुपारींत नाहींशी होते, किंवा ज्या झाडाखालीं निजूं नये त्याच्याखालीं मुलांच्या बाजा पडतात. हे दोनही प्रमाद टाळतां येण्याजोगे आहेत. त्यासाठीं वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाहीं. थोडें निरीक्षण आणि पुष्कळसा धीर लागतो.

झाड पडतें कां ?

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. त्यांतून झाड पूर्ण पालवीचें असेल तर तें शीड उभारलेल्या गलबतासारखें वारा धरतें. आपल्याकडे निंबाला चैत्राच्या सुमारास नवी पालवी फुटते, म्हणजे वादळाचे दिवस येतात तेव्हां हें शीड पुरतें उघडलेलें असतें. इंग्लंडच्या दक्षिण भागांत १९८७ सालच्या १५–१६ ऑक्टोबरच्या रात्रीं जें प्रचंड वादळ झालें, त्यांत सुमारें दीड कोटि झाडें पडलीं. झाडांचीं पानें तोंवर गळलीं नव्हतीं आणि आधींच्या पावसानें जमीन भिजून मऊ झाली होती. भरलेला पर्णसंभार आणि भिजलेली माती हीं दोनही कारणें एकत्र आलीं म्हणजे मोठमोठे वृक्षही उभे राहत नाहींत.

मुळांविषयीं एक गैरसमज आपल्या लोकांत दृढ आहे. झाड जितकें उंच तितकेंच तें जमिनींत खोल गेलेलें असतें, असें मानतात. वास्तविक बहुतेक झाडांचीं बहुतेक मुळें वरच्या दोन-तीन फूट मातींत असतात आणि तीं फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे आडवीं पसरतात. खालीं मुरूम वा खडक असेल तर हा प्रकार अधिकच. म्हणून नळाकरितां खणलेला चर, घराचा नवा पाया, किंवा बुंध्याशीं सिमेंटचा ओटा यांनीं झाडाचा जो घात होतो, तो वरून दिसत नाहीं. पांच-सात वर्षांनीं एका वादळांत झाड आडवें होतें आणि आपण दोष वाऱ्याला देतों.

वर सांगितलेल्या इंग्लंडांतील वादळाची एक गोष्ट मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध वनस्पतिउद्यानांत 'टर्नर्स ओक' या नांवाचा सुमारें दोनशें वर्षांचा वृक्ष आहे. तो त्या वेळीं खंगत चालला होता. वादळानें त्याला मुळांसकट उचलला आणि पुन्हां जागच्या जागीं बसविला. तो आतां वांचत नाहीं असें समजून त्याला नुसते टेकू देऊन ठेवण्यांत आलें. तीन वर्षांनीं पाहतात तों वृक्ष पूर्वींपेक्षां जोमदार झालेला ! वर्षानुवर्षें लोकांच्या पावलांनीं त्याच्या भोंवतालची माती दगडासारखी घट्ट झाली होती. वादळानें ती एका झटक्यांत मोकळी केली व मुळांना हवा मिळाली. तेव्हांपासून त्या उद्यानांत जुन्या झाडांखालची माती मुद्दाम सैल करण्याची प्रथा पडली. आपल्या अंगणांत आपण नेमकें उलट करितों: निंबाच्या बुंध्यापर्यंत फरशी बसवितों आणि तिला स्वच्छता म्हणतों.

पहिला तास

दुसऱ्या बाजूची गोष्टही तितक्याच स्पष्टपणें सांगितली पाहिजे. अकोला जिल्ह्यांतील पारस या गांवीं ९ एप्रिल २०२३ रोजीं रात्रीं वादळी पाऊस झाला. देवस्थानाजवळच्या पत्र्याच्या शेडखालीं लोक आश्रयास जमले होते. शेजारचा जुना कडुनिंब त्या शेडवर कोसळला आणि सात माणसांचे प्राण गेले. आपण ज्याला आडोसा समजतों तो पत्रा वृक्षाच्या भारापुढें कागदासारखा असतो. सोसाट्याचा वारा सुटला असतां झाडाखालीं किंवा झाडाच्या टप्प्यांतील पत्र्याखालीं उभें राहूं नये. पक्क्या भिंतींच्या, झाडापासून दूरच्या खोलींत सर्वांनीं जावें. गुरें असतील तर तींही झाडाखालून सोडवावीं.

वादळ थांबल्यावर ताबडतोब अंगणांत धांवूं नये. सैल झालेलीं मुळें व अर्धवट मोडलेल्या फांद्या पुढें कांहीं वेळानें, वारा पडल्यावरही, खालीं येतात. प्रथम दारांतूनच विजेच्या तारा पाहाव्या. तार तुटून झाडावर, कुंपणावर किंवा पाण्यांत पडली असेल तर त्या सर्वच वस्तूंत प्रवाह असूं शकतो. ती काठीनें बाजूला सारण्याचें धाडस कोणीं करूं नये. काठी ओली असते. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावें. कोणी अडकलें वा जखमी झालें असेल तर ११२, आणि जिल्ह्याच्या आपत्तिनियंत्रण कक्षासाठीं १०७७, हे क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावे. कारण अशा प्रसंगीं घरीं बहुधा स्त्रिया, वृद्ध व मुलें असतात.

पडलेलें झाड निपचित दिसलें तरी त्यांत पुष्कळ जोर कोंडलेला असतो. वांकून दबलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. ती कापतांच उसळून कापणाऱ्याच्या तोंडावर येते. मुळांसकट उपटलेल्या झाडाचें खोड कापलें म्हणजे वरचा भार जातो आणि मुळांचा गड्डा एकदम खड्ड्यांत परत बसतो. त्या खड्ड्यांत मुलें खेळत असलीं तर काय होईल, हें सांगण्याची गरज नाहीं. शिडीवर उभें राहून यांत्रिक करवत चालविणें, एकट्यानें कापणें, आणि वर लोंबकळणाऱ्या फांदीखालीं उभें राहून दोरीनें ती ओढणें, या तीन गोष्टी कोणत्याही परिस्थितींत करूं नयेत. छप्पर, भिंत वा वाहन यांची हानि झाली असेल तर कांहींही हलविण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं. पंचनाम्यास व विम्यास तींच उपयोगी पडतात.

वांचेल कीं नाहीं ?

मार्ग मोकळा झाला, धोका टळला, म्हणजे निर्णयाची घाई करण्याचें कारण उरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, चांगल्या उजेडांत, झाडाभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी आणि खालून वर पाहत जावें.

बुंध्याजवळची जमीन एका बाजूस उचलली आहे काय, तिला अर्धवर्तुळाकार भेग पडली आहे काय, झाड पूर्वीं नव्हतें इतकें कललें आहे काय, हें प्रथम पाहावें. जुनें, जन्मापासूनचें कलणें निराळें. वादळांत आलेलें कलणें निराळें. मोठ्या झाडांत हीं नवीं चिन्हें दिसलीं तर तें राखण्याचा आग्रह धरूं नये. काळ्या जमिनींत एक सावधगिरी बाळगावी: उन्हाळ्यांत तिला भेगा पडतातच, म्हणून केवळ भेग पाहून घाबरूं नये, भेगेबरोबर जमीन उचललेली आहे कीं काय, तें पाहावें. त्यानंतर खोड पाहावें. खोड उभें चिरलें असेल, किंवा दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यांत फट गेली असेल, तर झाड धोक्याचें समजावें. बुंध्याशीं भूछत्रासारखे टणक कंद उगवले असतील तर आंतील काष्ठ कुजत आहे हें नक्की. नुसती ढोली असणें मात्र मरणाचें लक्षण नाहीं. पोकळ बांबू वाऱ्यांत टिकतोच. ढोलीभोंवतीं निरोगी काष्ठाची भिंत जाड आहे कीं पातळ, यावर सारें अवलंबून असतें.

खोड व मुळें शाबूत असून निम्म्याहून कमी फांद्या गेल्या असतील तर झाड बहुधा वांचतें. निंब, चिंच, वड व पिंपळ यांची जीवनशक्ति तर फारच चिवट आहे. वादळानंतरच्या पावसाळ्यांतच त्यांना नवे धुमारे फुटतात. संशय असेल तर धोकादायक तेवढी फांदी उतरवून एक पावसाळा वाट पाहावी. तोडलेलें झाड परत उभें करितां येत नाहीं, राखलेलें पुढें केव्हांही तोडतां येतें.

हाताच्या मनगटाएवढ्या बुंध्याचें कोंवळें झाड कललें असेल तर तें उचलून बसवितां येतें. परंतु तें एक-दोन दिवसांत केलें पाहिजे. उघडीं पडलेलीं मुळें ओल्या गोणपाटानें झांकावीं, तुटलेलीं टोंकें स्वच्छ कापावीं, झाड हळूहळू सरळ करून माती भरावी व पाणी द्यावें. टेकूला बांधण्यास तार वापरूं नये. जुन्या लुगड्याची रुंद पट्टी उत्तम. बांधणें थोडें सैल असावें, कारण वाऱ्यानें किंचित् हालल्यानेंच खोड व मुळें बळकट होतात. वर्षानें टेकू काढण्यास विसरूं नये.

छेद कोठें व कसा घ्यावा

मोडलेल्या फांदीचा फाटका अवशेष तसाच ठेवला तर तेथें पाणी मुरतें आणि कूज शिरते. परंतु चुकीचा छेद हा न घेतलेल्या छेदापेक्षां वाईट. फांदी जेथें खोडास मिळते तेथें सालीचें किंचित् फुगीर कडें असतें. छेद त्या कड्याच्या लगत बाहेरून घ्यावा; कडें कापूं नये, आणि हातभर खुंटही ठेवूं नये. जड फांदीसाठीं तीन छेदांची रीत आहे. खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालच्या बाजूनें तृतीयांश छेद घ्यावा. मग त्याच्या थोडें पुढें वरून कापून फांदी उतरवावी. शेवटीं राहिलेला खुंट कड्याशीं कापावा. पहिला छेद न घेतल्यास फांदी पडतांना खोडाची साल फूटफूटभर सोलून नेते.

या कड्याचें महत्त्व अमेरिकेच्या वनखात्यांतील ॲलेक्स शायगो या शास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत हजारों झाडें उभीं चिरून अभ्यासिलें. माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाहीं. झाड जखमी काष्ठाभोंवतीं आंतून भिंती उभारतें, कूज त्या कप्प्यांत कोंडतें, आणि बाहेरून नवें काष्ठ चढवितें. कडें कापलें म्हणजे ही भिंत बांधणारेच नाहींसे होतात. म्हणूनच छेदावर डांबर वा तैलरंग फासण्याचा उपयोग नाहीं. त्यानें ओल आंत कोंडून कुजण्यास साहाय्यच होतें. फळझाडांना बोर्डो मलम लावण्याचा जो सल्ला दिला जातो, तो बुरशीच्या विशिष्ट रोगांपुरता आहे.

आपल्या पूर्वजांनीं या विषयाचा विचार केला होता, हें येथें नमूद करणें योग्य होईल. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. थंडी, वारा व ऊन यांनीं झाडास रोग होतो. पानें पांढुरकीं पडणें, फांदी वाळणें, रस गळणें हीं त्याचीं लक्षणें. आणि चिकित्सेंत प्रथम शस्त्रानें दूषित भाग स्वच्छ करावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. लेपाविषयीं आजचें शास्त्र निराळें बोलतें. शस्त्रकर्म आधीं, हा क्रम मात्र चौदाशें वर्षांनंतरही तसाच आहे. त्याच अध्यायांत दोन झाडांतील अंतर वीस हात असावें तें उत्तम, सोळा तें मध्यम व बारा तें कनिष्ठ, असेंही म्हटलें आहे. भिंतीपासून चार हातांवर पिंपळ राखणाऱ्यांनीं हें वाचावें.

शाल्मलीची गोष्ट

महाभारताच्या शांतिपर्वांत भीष्मांनीं युधिष्ठिरास शाल्मली वृक्षाची कथा सांगितली आहे. वारा माझें कांहीं करूं शकत नाहीं, अशी बढाई त्यानें नारदापाशीं मारली. नारदानें ती वाऱ्यास कळविली. उद्यां तुझा समाचार घेतों, असें वारा म्हणाला, तेव्हां शाल्मली भ्याला आणि त्यानें रात्रींतून आपल्याच हातानें फांद्या, पानें, फुलें सारीं टाकून दिलीं. सकाळीं वारा आला व हंसून म्हणाला, मी जें करणार होतों तें तूंच केलेंस !

कथेचें तात्पर्य बलवानाशीं वैर धरूं नये, हें. परंतु वादळाच्या भीतीनें दरसाल झाडाचा शेंडा छाटून त्याचा खराटा करणाऱ्यांना ती निराळ्याच अर्थानें लागू पडते. असें बोडलेलें झाड उपाशी राहतें, छाटलेल्या टोंकांतून कूज उतरते, आणि जे नवे धुमारे फुटतात ते वरवर चिकटलेले असल्यामुळें पुढच्या वादळांत सहज निखळतात. वाळलेल्या, एकमेकींस घासणाऱ्या, छपरावर आलेल्या तेवढ्याच फांद्या काढाव्या. बांडगूळ असल्यास तें फांदीच्या भागासह उतरवावें. एका वर्षांत चतुर्थांशाहून अधिक हिरवा भाग काढूं नये.

वटपौर्णिमेविषयीं गृहिणींस एक विनंति आहे. ती ज्येष्ठांत, म्हणजे ऐन वादळी दिवसांत येते. त्या दिवशीं फांद्या ओरबाडून घरीं आणल्यानें वडाला दरसाल शेंकडों फाटक्या जखमा होतात. पूजा वडापाशीं जाऊन करावी; तें शास्त्रासही धरून आहे आणि वडाच्याही हिताचें आहे.

केळी, नारळ व पोफळी

रावेर-यावलकडे वळवाचा एक तडाखा बसला म्हणजे घडांनीं लगडलेल्या केळीच्या बागा आडव्या होतात. केळ हें मुळीं वृक्षच नव्हे. तिचें खोड म्हणजे पानांच्या देंठांची घट्ट गुंडाळी. तें मध्यें मोडलें कीं जोडत नाहीं. तेथें मोडलेलें खोड कापून पील राखणें हाच उपाय. आणि वादळापूर्वीं घडास बांबूचा टेकू व बागेभोंवतीं शेवरीचें दाट कुंपण ही खरी काळजी. नारळ-पोफळीचेंही असेंच: वाढीचा एकच कोंब शेंड्यास असतो, तो मोडला कीं झाड संपलें. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धन-दिवेआगरकडील पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. केळीची बाग वर्षा-दीड वर्षांत पुन्हां उभी राहते. पोफळीला फळ धरण्यासच पांच-सात वर्षें जातात, आणि ज्या घराची चूल त्यावर चालते त्यानें तोंवर काय करावें, हा प्रश्न झाडाच्या शुश्रूषेनें सुटणारा नसतो.

हिमप्रदेशांतील आपलीं घरें

आतां आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें न्यू जर्सी, टोरांटो अशा थंड मुलखांत घरें करून आहेत. तेथें वाऱ्याच्या जोडीला बर्फाचा भार येतो. २०११ च्या ऑक्टोबराच्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य भागांत अकालीं बर्फ पडलें. पानें झाडांवरच असल्यामुळें तें त्यांवर सांचून असंख्य फांद्या मोडल्या. १९९८ च्या जानेवारींत पूर्व कॅनडांत दिवसांमागून दिवस गोठता पाऊस पडला व प्रत्येक डहाळीभोंवतीं बर्फाचें कवच चढलें; झाडें व विजेचे मनोरे दोनही कोसळले, आणि लाखों घरें ऐन थंडींत अंधारांत राहिलीं.

तिकडच्यांसाठीं नियम थोडके आहेत. भुसभुशीत हिम असेल तर केरसुणीनें फांदी खालून वर हळूच उचलून तें झटकावें. कवचासारखा गोठलेला बर्फ मात्र झोडपूं नये. गारठलेली फांदी काचेसारखी ठिसूळ असते. तो आपोआप वितळूं द्यावा आणि वांकलेली फांदी बांधण्याची घाई करूं नये. पुष्कळदां ती स्वतःच सरळ होते. छाटणी बहुतेक झाडांना हिवाळ्याच्या अखेरीस, झाड निजलेलें असतां, मानवते. वादळानंतर दारोदार हिंडून रोख पैसे आगाऊ मागणाऱ्यांना काम देऊं नये. प्रमाणपत्र व विमा असलेला आर्बोरिस्ट, म्हणजे वृक्षवैद्य, बोलवावा. हा शेवटचा नियम इकडेही तितकाच खरा आहे. लाकूड नेण्याच्या बोलीवर जो फुकट तोडून देतो, त्याला झाड राखण्यासारखें कधींच दिसत नाहीं.

कायदा व पूर्वतयारी

झाड आपल्या अंगणांत असलें तरी तें तोडणें सर्वस्वी आपल्या मर्जीचें नाहीं. शहरांत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा लागू आहे. २०२१ च्या सुधारणेनें पन्नास वर्षें व त्यांहून अधिक वयाच्या झाडांस विशेष संरक्षण मिळालें आहे. शहराबाहेर १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा असून त्याच्या सूचींत आंबा, चिंच, जांभूळ इत्यादि झाडें आहेत. वाऱ्यानें पडलेल्या वा जीवितास धोका असलेल्या झाडाविषयीं परवानगी देण्याची तरतूद आहे. परंतु अर्ज करावा, छायाचित्र जोडावें, आणि पोंच घ्यावी.

खरें काम वादळापूर्वींचें आहे. माघ-फाल्गुनांत झाडाची एक प्रदक्षिणा घालून वाळलेल्या फांद्या, ढोल्या, बांडगुळें यांची नोंद करावी. रोहिणी लागण्यापूर्वीं, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आंत, आवश्यक ती छाटणी उरकावी. बुंध्याभोंवतींची फरशी दोन-तीन हातांपर्यंत काढून माती मोकळी करावी. खिळे, तारा, जाहिरातींच्या पाट्या काढाव्या. आणि जेथें झाड खरोखरच काढावें लागलें असेल, तेथें श्रावणापूर्वीं दुसरें रोप लावावें. मात्र घराच्या भिंतीपासून, विजेच्या तारेपासून व शेजाऱ्याच्या छपरापासून पुरेसें दूर, पुढें पन्नास वर्षांनीं तें केवढें होईल याचा विचार करून. आज घरांत जें मूल सर्वांत लहान आहे, त्याच्याच हातानें तें लावावें. त्याची काळजी सर्वांत अधिक काळ घेणें त्यालाच शक्य आहे.